टीव्हीची साल

उसाचा रस प्रकाशाच्या कंपनाची दिशा कशी फिरवतो, हे सणसरच्या वृषालीला उद्या प्रदर्शनात दाखवायचं होतं. त्यासाठी लागणारी, एकाच दिशेत कंपणारा प्रकाश पुढं सोडणारी पोलरायझरची फिल्म परवडत नव्हती, बारामतीच्या मोबाईलवाल्यांकडं फुटक्या स्क्रीनचे बोटभरच तुकडे होते. मग तिच्या सावळाकाकानं आपल्या घरच्या टीव्हीवरची तसलीच फिल्म भाजल्या वांग्यासारखी सोलून दिली. संध्याकाळी काकू मालिकेला बसली, तर आवाज चालू आणि पडदा पांढराफटक! “माणसं कुठं गेली?” “वृषीच्या प्रयोगाला. फिल्म दिलीया तिला.” “आत्ताच्या आत्ता परत चिकटवा!” वृषालीनं रडवेल्या तोंडानं फिल्म पुढं केली. काकानं त्यातलेच दोन तुकडे जुन्या चष्म्याला लावले आणि चष्मा बायकोच्या नाकावर ठेवला. माणसं हजर! तिनं मान कलवली, मालिकेतली सासू गायब. सरळ केली, हजर. काकूनं सासूला पाच-सहा वेळा घालवलं. “काकू, हाच माझा प्रयोग. मान कलवल्यावर जे होतं, तेच उसाचा रस करतो.” “मग टीव्हीबी ने की! तिथं चष्मा मीच घालणार.”