तारेखालचा ढीग

दुपारचं फिकट ऊन आडवं पडलं होतं. कायनू प्रांतातल्या जंगलरस्त्यावर मी ओंडके वाहायच्या ट्रकचे आधाराचे पाय बर्फात रोवले आणि क्रेनच्या उंच खुर्चीत जाऊन बसलो. मागे, अंतर राखून, कालेर्वो उभा होता; माझ्यानंतर भरायचा ट्रक त्याचा.

"एन्सिओ, स्तोत्रं पुरे, क्रेन चालव. माझी कॉफी गोठली बाबा," तो ओरडला.

मी गुणगुणतच रस्त्याकडेला रचलेल्या ढिगातले पहिले ओंडके उचलले. क्रेनचा हात वर चालला. बर्फावर मात्र त्याची सावली मध्येच थांबली.

दचकून मी क्रेनचा दांडा सोडला. तिचा हात थांबला. वर पाहिलं, तर त्याच्या टोकापासून जेमतेम पुरुषभर अंतरावर विजेची तार. हिमाने पांढरी झालेली, पांढुरक्या आभाळात विरून गेलेली. रचणाऱ्याने ढीग नेमका तारेखालीच रचला होता.

मी क्रेनचा हात हळूहळू खाली घेतला, उतरलो आणि टोपी काढली. "देवा, तुझे फार उपकार. आज घरी माझ्या आइलीला माझं तोंड दिसेल."

कालेर्वो जवळ आला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. "त्याचेही उपकार मान," तो हलकेच म्हणाला आणि त्याने बर्फाकडे बोट दाखवलं.

वर खरी खुर्ची रिकामी होती; सावलीतल्या उंच खुर्चीत मात्र कुणीतरी अजून दांडा घट्ट धरून बसलं होतं.