पाण्याचा ग्रह

अंतराळयानाची ती जुनी मालिका मी कॉलेजात असताना गावच्या सोसायटीच्या ऑफिसातल्या टीव्हीवर बघितली होती. बावन्न भाग, एकही चुकवला नव्हता. यंदा आमच्या तलवाड्यात पाण्याचा टँकर सुरू झाला, आणि रोज सकाळी ड्रमांच्या रांगेत बसून मी तीच मालिका मोबाईलवर पुन्हा बघायला लागलो.

निम्मे भाग झाल्यावर माझी माय, दगडाबाई, बादली पालथी घालून शेजारी येऊन बसायला लागली. यानातलं पाणी संपत आलंय, माणशी रोज एकच पेला मिळतो, असं मी तिला समजावून सांगायला गेलो, तर म्हणाली, "मला नगं सांगू. मला कळतंय."

रविवारी शेवटचा भाग लागला. यानाला ग्रह सापडला, जिकडंतिकडं निळंशार पाणी! मायनं पदरानं डोळे पुसले आणि मोबाईललाच हात जोडले. "सुटली बिचारी लेकरं."

सोमवारी टँकर काही येईना, मला काही करमेना. मी पुन्हा पहिला भाग लावला. कॅप्टन घाबऱ्या आवाजात सांगत होता, "यानातलं पाणी संपत आलंय. नवा ग्रह शोधावा लागेल."

माय बघतच राहिली. "काहून रे त्रिंबका? कालच तर गावलं व्हतं की इतकं पाणी!"

मी सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात तिचं तिलाच उमगलं.



"उतरल्या उतरल्या साखर कारखाना काढला आसंल मेल्यांनी. चेअरमन कोन झाला रे?"