मागची सीट

आदिनाथच्या जुन्या एसयूव्हीचे चारही शॉकअप गेले होते, पण खिशाला दोनच परवडत होते.

"पुढचे दोन नवे टाका, चाचा. मागचे राहू द्या तसेच."

"मागं कोण बसतं?" मेकॅनिक गुलाम रसूलनं विचारलं.

"कुणी न्हाई," आदिनाथ बोलून गेला.

दुसऱ्या दिवशी आईची कंबर डॉक्टरला दाखवायला तो मुखेडहून नांदेडला निघाला. शेजारी बसलेली बायको खूश होती. गाडी खड्ड्यांतूनही मऊ चालली होती.

"आई, आता दणके बसत न्हाईत ना?"

"न्हाई बाबा, लई बेस झाली गाडी."


आदिनाथनं आरशात पाहिलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन्ही हातांनी त्याचीच सीट घट्ट धरून, आई गादीवरून अंग उचलून बसली होती.