कापसाची परीक्षा

काशीरामना मिळणार होती गावच्या शिमग्याची पालखी, तीही अनवाणी नाचवायला. बायकोची, सुलक्षणाची अट एकच, मधुमेहाने बधिर झालेल्या तळव्यांना स्पर्श कळला पाहिजे. त्यासाठी तर अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या चालू होत्या.

मुंबईतल्या चारकोपच्या घरात सुलक्षणाने त्यांना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला कापूस टेकवला.

"लागला. हा पण लागला. अगं पुरे, गुदगुल्या होतात."

"अहो, एकही चुकला नाही तुमचा! गोळ्या लागू पडल्या," म्हणत तिने लगेच गावची तिकिटं काढायला लावली. हात हलला की आपल्या बांगड्या वाजतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

काशीरामनी पालखी झकास नाचवली. तापलेल्या कातळावर पाय भाजले, ते त्यांनाही कळलं नाही. मुंबईत परतेपर्यंत जखम चिघळली आणि डॉक्टरांनी पायाची करंगळी कापली. हौस त्यांची, भरपाई मात्र तिने केली, रोज पायाची मलमपट्टी करून.