थंडीतला कूलर

हरिभाऊंच्या कानात वर्षभरापासून बारीक शिट्टी वाजत होती. "ही जाणार नाही, जवळ दुसरा हलका आवाज चालू ठेवा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. उन्हाळाभर कूलरच्या घरघरीनं तिला गिळून टाकलं. दिवाळी झाली, वर्ध्यात गारठा पडला, बायकोनं कूलर ताडपत्रीत गुंडाळला आणि शिट्टी परत आली. लोक हसतील म्हणून हरिभाऊ बाहेर कुणाला सांगत नव्हते. एका दुपारी ते पेपरातली एकच ओळ चौथ्यांदा वाचत होते. बायकोनं उठून ताडपत्री सोडली, कूलरचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बटण दाबलं. "पाणी नाई टाकलं. वाचा आता." घरघरीत शिट्टी बुडाली. तेवढ्यात शेजारची शालू दारात आली. "काकू, थंडीत कूलर काऊन लावला?" हरिभाऊंनी पेपर तोंडासमोर धरला. बायकोनं स्वेटरची वरची गुंडी लावली. "मले लय गरमी होऊन राह्यली बाई!"