पाडव्याची झूल

दिवाळी पाडव्याच्या सकाळी तेजस्वी उठून दोरीकडं गेली. दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या प्रदर्शनात भिंतीवर लावायचं तिचं कापड दोरीवर नव्हतं. लाल कापडावर एकीमागून एक चाललेल्या काळ्या म्हशींच्या ओळीच ओळी. पावसाळाभर खपून तिनं लाकडी ठशांनी त्या छापल्या होत्या, वरनं टाके घालून उठवल्या होत्या. घरात आबा नव्हते आणि गोठ्यात म्हैसही नव्हती. काय झालं असणार ते तिच्या ध्यानात आलं आणि ती अनवाणीच पळत सुटली.

शिवाजी पेठेत सजवलेल्या म्हशींची मिरवणूक रंगात आली होती. सगळ्यांत पुढं तिचे आबा, आणि त्यांच्या म्हशीच्या पाठीवर तिचं कापड! माणसं मोबाईल उंच धरून फोटो काढत होती. ते ओढून काढायचंच, म्हणून ती गर्दीत घुसली.

तेवढ्यात कुणीतरी ओरडून विचारलं, "कृष्णातराव, झूल कुठनं आणलीसा?"

लेकीचा विषय निघाला की आबा आजवर "शिवणकाम करती" एवढंच म्हणायचे. आज छाती फुगवून म्हणाले, "इकत घेतलेली न्हाय ही! माझी तेजू आर्टिस्ट हाय, तिनं केलीया. उद्या राजारामपुरीत अजून बघाय मिळतील, समदी या की!"

तेजस्वी म्हशीजवळ पोचली. कापडाला हात घालत म्हणाली, "आबा, जरा थांबवा तिला. झूल डावीकडनं घसरायलीय, नीट बांधू दे."