भागीदारांची रांग

भगवती बंदरावर त्या सकाळी एक्केचाळीस उतारू होते. त्यांतले अकरा वेगळ्या रांगेत. ते स्वदेशी आगबोट कंपनीचे भागीदार. खोल पाण्यात थांबलेल्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पहिल्या पडावात बसण्याचा मान त्यांचा. अकरावे होते हायस्कुलात शास्त्र शिकवणारे नेने मास्तर.

मास्तरांनी आपले वीस शेअर बारा दिवसांपूर्वी विकले होते. भागीदारांची यादी मुंबईहून महिनाअखेरीस येते, असा त्यांचा अंदाज. आज चोवीस तारीख. दुसऱ्या रांगेत उभे राहिले असते तर का, हे सांगावे लागले असते. आणि गणपतीच्या सुट्टीत त्यांनीच शाळेच्या फळ्यावर कोळसा, भाडे आणि उतारू यांचा आलेख काढून सगळ्यांना पटवले होते, की स्पर्धेतल्या विलायती कंपनीने भाडे कितीही उतरवले तरी शेअर विकायचे नाहीत.

त्यांच्या पुढे यमुनाबाई होत्या. खलाशी मुलाने पाठवलेल्या पैशांतून त्यांनी पाच शेअर घेतले होते. त्यांतून घरावर कौले चढायची होती. त्यांनी हळूच विचारले, मुंबईत भाव पडतोय म्हणतात, तिथे गेल्यावर विकून टाकू का.

मास्तर बोटीकडे पाहत म्हणाले, "ठेवा."

कंपनीच्या एजंटाच्या कारकुनाने भागीदारांची यादी उघडली, दहा नावे वाचली आणि कागद मिटला.

"अवो, मास्तरांचं नाव खाल्लंत," रांगेतला म्हातारा धोंडू तांडेल म्हणाला. "ते नसले तर पडाव किती बुडतो त्याचं गणित कोण करील?"

दोघेतिघे हसले. कारकुनाने कागद पुन्हा पाहिला.

"यादी परवाच नवी आली. शेअर विकले की नाव निघतं."

मास्तरांचे कान तापले. कोणी त्यांच्याकडे पाहिले नाही. धोंडू उगाच पडावाची दोरी न्याहाळू लागला. यमुनाबाई तेवढ्या वळल्या.

"कितीला इकलात, मास्तर?"

"एकोणीसला."

"नि आता?"

"परवाच्या पेपरात पंधरा होता."

"मग मगाशी मला ठेवा म्हणालात, ते?"

मास्तरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि तसाच हातात धरला.

"विका," ते म्हणाले. "उतरल्या उतरल्या विका."

धोंडूने हात दिला, तो धरून यमुनाबाई पडावात चढल्या आणि पाठ करून बसल्या.

मास्तर दुसऱ्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

यमुनाबाईंचे पाचही शेअर तिसऱ्या दिवशी मुंबईत प्रत्येकी सव्वाबारा रुपयांनी गेले.